भरल्या जमिनीत उपाशी पीक

दख्खनची काळी जमीन ज्या बेसॉल्ट खडकापासून बनली, त्या खडकात लोह भरपूर आहे. तरीही चुनखडीच्या पट्ट्यात उसाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि ‘उसावर केवडा पडला’ असे शेतकरी म्हणतो. भुईमुगाचेही तसेच होते. हा केवडा लोहाच्या कमतरतेचा. मुळांभोवती लोहाचा साठा आणि पाने मात्र लोहाविना पिवळी! पिकाची उपासमार नेहमी जमिनीच्या दारिद्र्यामुळे होत नाही. एका अन्नद्रव्याचे दुसऱ्याशी आणि त्या सगळ्यांचे मातीशी असलेले नाते बिघडले, तरी भरल्या जमिनीत पीक उपाशी राहते. म्हणून ‘काय कमी पडले?’ याच्याही आधी ‘असलेले का मिळत नाही?’ असे विचारायला हवे, आणि आपली खत देण्याची पद्धत हा प्रश्न क्वचितच विचारते.

मातीत लोह असणे वेगळे आणि ते पाण्यात विरघळून मुळाला मिळणे वेगळे. मातीचा सामू (पीएच) एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपट घटते. चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या आसपास किंवा वर असतो, शिवाय पाण्यातले बायकार्बोनेट मुळांचे काम आणखी अवघड करते. अशा जमिनीत नुसते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फेकले तर तेही लवकरच अडकून बसते. म्हणूनच ते शेणखतात मुरवून देण्याचा किंवा पानांवर फवारण्याचा सल्ला दिला जातो. स्फुरदाची कथा तर अधिक बोलकी आहे. काळ्या जमिनीत कॅल्शियम त्याला धरून ठेवते, आणि कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत तेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात. स्वभावाने परस्परविरुद्ध असलेल्या दोन जमिनी, पण दोन्हीकडे स्फुरद कैदेतच.

झाडाची वाढ सर्वांत कमी असलेल्या घटकावर अडते, हा नियम जर्मनीत कार्ल श्प्रेंगल यांनी १८२० च्या दशकात मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० नंतर तो सर्वदूर पोचवला. कमी-जास्त उंचीच्या फळ्यांचे पिंप, ज्यात पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच भरते, ते चित्र शेतीच्या पुस्तकांत आजही दिसते. नियम खरा आहे. चित्र मात्र अर्धवट आहे. पिंपाची एक फळी उंच केल्याने शेजारची आखूड होत नाही. मातीत आणि झाडात मात्र नेमके तेच घडते. स्फुरद वाजवीपेक्षा जास्त झाले की पिकाला जस्त कमी पडू लागते. पालाश भरमसाट दिले की मॅग्नेशियमचे शोषण घटते. आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचाच अणू असतो, त्याच्याभोवती नत्राचे चार. मुळांनी घेतलेले नायट्रेट वापरात आणणाऱ्या विकरालाही लोह आणि मॉलिब्डेनम लागते. तेव्हा केवडा पडलेल्या उसावर युरियाचे आणखी एक पोते ओतणे म्हणजे जेवण रांधायला चूल नसलेल्या घरात धान्याची रास लावणे.

भरल्या जमिनीतली ही उपासमार ओळखायला तज्ज्ञांनाही वेळ लागला. हिमालयाच्या पायथ्याचा तराई प्रदेश सेंद्रिय द्रव्याने समृद्ध. तिथे भाताच्या पानांवर गंजासारखे तपकिरी डाग पडून रोपे खुरटत. त्याला ‘खैरा’ रोग म्हणत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातले यशवंत लक्ष्मण नेने हे स्वतः वनस्पतिरोगतज्ज्ञ. या रोगामागे कोणताही जंतू नाही, जस्ताची कमतरता आहे, हे त्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. झिंक सल्फेट आणि चुन्याच्या निवळीच्या फवाऱ्याने पीक सावरले. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण जमीन सुपीक म्हणून नावाजलेली होती आणि उणीव हेक्टरी काही किलोंत भरून निघणारी होती.

यावर एक रास्त आक्षेप येतो. युरियानेच देशाची कोठारे भरली, मग त्याला दोष का? हरितक्रांतीत उत्पादन वाढण्यात नत्राचा वाटा मोठा होता यात वाद नाही. त्या वेळी बहुतेक शेतांत सर्वांत आखूड फळी नत्राचीच होती. ती उंचावल्यावर अडसर गंधक, जस्त, पालाश यांच्याकडे सरकला. आपला हात मात्र युरियाच्या पोत्यावरच राहिला. यात शेतकऱ्याचा अडाणीपणा शोधणे अन्यायाचे आहे. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाचे धोरण आले तेव्हा युरिया त्याच्या बाहेर ठेवला गेला. स्फुरद-पालाशाच्या खतांचे भाव चढले आणि युरियाचे ४५ किलोचे पोते, कर आणि कडुनिंबाच्या लेपाचा खर्च सोडून, २४२ रुपयांवर राहिले. स्वस्त ते जास्त पडणारच. जास्तीच्या युरियावर वाढलेले पीक गर्द हिरवे दिसते, पण ते लुसलुशीत असते. मावा, तुडतुडे त्यावर तुटून पडतात आणि वाऱ्यापावसात ते लोळते. ‘४:२:१’ हे नत्र-स्फुरद-पालाशाचे ठरीव प्रमाण सांगणाऱ्यांशीही मी सहमत नाही. हवेतले नत्र बांधणाऱ्या हरभऱ्याला आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसाला एकच गुणोत्तर कसे चालेल?

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: शेणखत घाला, सगळे आपोआप जुळेल. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड येथे ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत दिलेला तुकडा रासायनिक खतांच्या तुकड्यांच्या तोडीस तोड पिकत आला आणि त्या मातीतला सेंद्रिय कर्बही वाढला. म्हणजे शेणखताची ताकद सिद्ध आहे. पण ३५ टन म्हणजे एकरी चौदा टन, तेही दरवर्षी. गोठ्यात एक-दोन जनावरे उरलेल्या घरात ते येणार कुठून? शिवाय त्या तुकड्यातून नायट्रेटही मोठ्या प्रमाणात झिरपून जाते. शेणखतातली अन्नद्रव्ये ठरलेल्या प्रमाणात येतात, पिकाच्या मागणीनुसार नाही. त्याचे खरे मोल मला वेगळे दिसते: कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्ले लोह, जस्त यांना विरघळलेल्या रूपात धरून ठेवतात. जे अडकलेले आहे ते शेणखत मोकळे करते. म्हणून थोडे असले तरी ते हवेच.

मग नेमके काय अडले आहे, हे ओळखायचे कसे? पान पाहून बरेच काही कळते. नत्र, पालाश, मॅग्नेशियम झाडात फिरते, म्हणून त्यांची उणीव आधी जुन्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन फिरत नाही, म्हणून शेंडा बोलतो. तरीही निव्वळ पानावर विसंबू नये. कपाशीचा लाल्या, म्हणजे पाने लाल पडणे, मॅग्नेशियमच्या किंवा नत्राच्या उणिवेने येतो, तसाच तुडतुड्यांनी आणि रात्रीच्या थंडीनेही येतो. माती तपासल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. खरीप निघून रान मोकळे झाले की बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा टाळून शेतभर नागमोडी फिरा, ठिकठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या आणि त्यांतली माती एकत्र करून अर्धा किलो नमुना द्या. जस्त-लोह तपासायचे असेल तर प्लास्टिकची बादली आणि लाकडी खुरपे वापरा. मृद आरोग्य पत्रिकेत बारा गुणधर्म मिळतात. त्यांत सामू, लोह, जस्त, बोरॉन आहेत, मुक्त चुनखडी नाही. काळ्या जमिनीच्या मालकाने ती तपासणी वेगळी मागून घ्यावी.