मॉन्ट्रियल : हिमाचे आणि दोन भाषांचे नगर

सेंट लॉरेन्स नदीतील बेटावर वसलेले मॉन्ट्रियल हे टोरंटोच्या खालोखाल कॅनडातील सर्वांत मोठे शहर. जानेवारीत येथील सरासरी तापमान शून्याखाली दहा अंशांच्या आसपास असते. थंडीची तयारी तर प्रवासी करूनच जातो. त्याला खरे चकित करते ती येथील भाषा. दुकानात पाऊल टाकताच ‘बाँजूर-हाय’ असे जोडअभिवादन कानी पडते. आपण कोणत्या शब्दाने उत्तर देतो, त्यावरून पुढील संभाषण फ्रेंचमध्ये की इंग्रजीत, हे ठरते. काही न विचारता ग्राहकाची भाषा ओळखण्याची ही रीत बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्यास भावल्यावाचून राहणार नाही.

या दोन शब्दांमागील इतिहास पाहावयाचा असल्यास जुन्या शहरातील प्लास दार्म या चौकात उभे राहावे. मध्यभागी १६४२ साली येथे फ्रेंच वसाहत स्थापन करणाऱ्या मेझोनवचा पुतळा आहे. एका बाजूस नोत्र दाम हे फ्रेंच भाषकांचे भव्य चर्च, तर त्याच्या अगदी समोर उंच स्तंभांची, घुमटाकार छताची बँक ऑफ मॉन्ट्रियलची इमारत. १८१७ साली स्थापन झालेली ही कॅनडातील पहिली बँक. १७६० मध्ये शहर ब्रिटिशांच्या हाती गेले आणि व्यापार व भांडवल प्रामुख्याने इंग्रजी भाषकांकडे आले. प्रार्थना फ्रेंचमध्ये आणि हिशेब इंग्रजीत, अशी ही विभागणी दीर्घकाळ टिकली. (गंमत अशी की, त्या फ्रेंच चर्चचा वास्तुरचनाकार मूळचा आयरिश प्रॉटेस्टंट होता!)

सामान्य फ्रेंच भाषकाला कर्ज मिळणे कठीण होते. सावकारी व्याजाने गांजलेल्या लोकांसाठी आल्फोन्स देजार्दँ यांनी १९०० साली क्वेबेक प्रांतातील लेव्ही या गावी बचत व पतपुरवठ्याची सहकारी संस्था काढली. आपल्याकडील सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे जवळपास त्याच काळातील. देजार्दँ यांच्या नावाची ही चळवळ आज कॅनडातील मोठ्या वित्तसंस्थांपैकी एक आहे आणि मॉन्ट्रियलच्या मध्यभागी तिचे प्रशस्त संकुल उभे आहे.

तरीही १९६० च्या दशकात केंद्र सरकारने नेमलेल्या आयोगाला असे आढळले की, बहुसंख्य असूनही क्वेबेकमधील फ्रेंच भाषकांचे उत्पन्न इंग्रजी भाषकांहून बरेच कमी आहे. म्हणजे प्रश्न केवळ अस्मितेचा नव्हता, पगाराचा व बढतीचाही होता. १९७७ च्या भाषासनदेने कार्यालयीन कामकाज, दुकानांच्या पाट्या आणि स्थलांतरितांच्या मुलांचे शिक्षण यांत फ्रेंचला अग्रस्थान दिले. त्याची किंमतही मोजावी लागली. सन लाइफ या विमा कंपनीने १९७८ मध्ये आपले मुख्यालय टोरंटोला हलविण्याचे जाहीर केले आणि अनेक इंग्रजी भाषक कुटुंबांनी शहर सोडले. पाट्यांवरील अन्य भाषांची बंदी पुढे न्यायालयात टिकली नाही. १९९३ पासून फ्रेंच ठळक ठेवून इतर भाषांना मुभा मिळाली. २०२२ मध्ये मात्र कायदा पुन्हा कडक झाला. क्वेबेकची अधिकृत भाषा एकच, फ्रेंच; त्यामुळे मॉन्ट्रियलचे द्वैभाषिकत्व कागदावर कमी आणि लोकांच्या जिभेवर अधिक आहे. ‘बाँजूर-हाय’मधील ‘हाय’ गाळावे, असा बंधनकारक नसलेला ठराव प्रांताच्या विधानसभेने २०१७ मध्ये एकमताने केला होता. दुकानदारांनी तो कितपत मनावर घेतला, हे प्रवाशाने स्वतःच ऐकावे.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी थोडेसे. येथील मेट्रो १९६६ साली सुरू झाली. तिची अनेक स्थानके, दुकाने, कार्यालये व हॉटेले तीस किलोमीटरहून अधिक लांबीच्या भुयारी मार्गांनी जोडलेली आहेत. बाहेर हिमवादळ असतानाही कोट हातावर टाकून सारी कामे उरकता येतात. घरांना बाहेरून लावलेले वळणदार लोखंडी जिने दिसतात सुरेख, पण बर्फात ते जपूनच चढावेत.

परतताना खिशात एखादी कॅनेडियन नोट उरलीच, तर ती निरखून पाहावी. १९३५ साली तेथील मध्यवर्ती बँकेने इंग्रजी व फ्रेंच अशा वेगवेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९३७ पासून दोन्ही भाषा एकाच नोटेवर आल्या. आपल्या नोटेवर सतरा आहेत.