माफी मिळाली, गुन्ह्याचं काय?

एपिसोडमध्ये हा मुद्दा घाईत उरकला, म्हणून इथे नीट. ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या कॅपिटल इमारतीत घुसलेल्या माणसाला राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, तर कोर्टाचा निकाल चुकीचा ठरतो का?

नाही. माफीने शिक्षा जाते आणि गेलेले हक्क परत मिळतात. पण ‘हा निर्दोष होता’ असं माफी म्हणत नाही.

त्या दंगलीत सुमारे १४० पोलीस जखमी झाले आणि पुढे दीड हजारांहून जास्त लोकांवर खटले भरले गेले. नुसतं आत फिरून आलेल्यांना किरकोळ कलमं, पोलिसांना मारणाऱ्यांना जड कलमं. बहुतेकांनी गुन्हा स्वतःच कबूल केला. ही सगळी वर्गवारी चार वर्षं, एकेका माणसाचे व्हिडिओ पाहून झाली होती. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांच्या एका सहीने ती संपली. चालू खटलेही मागे घ्यायला सांगितलं गेलं. मला खटकतं ते हेच: सेल्फी काढणारा आणि पोलिसाला बडवणारा, दोघे एकाच ओळीत!

अपवाद १४ जणांचा. त्यांची शिक्षा थांबली, दोष कायम राहिला. त्यात ‘ओथ कीपर्स’चे स्टुअर्ट ऱ्होड्स, शिक्षा १८ वर्षं. ‘प्राउड बॉइज’च्या एन्रिके टारिओंना मात्र २२ वर्षांची शिक्षा असूनही पूर्ण माफी.

आपल्याकडे आंदोलनातले गुन्हे सरकार मागे घेतं तेव्हा सरकारी वकिलाला कोर्टाची परवानगी लागते. राष्ट्रपतींची माफीसुद्धा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. इथे राष्ट्राध्यक्षांना कुणाला विचारावं लागत नाही.

माफी नाकारता येते का? १९१५ च्या बर्डिक खटल्यात सुप्रीम कोर्ट ‘हो’ म्हणालं. एका वृत्तपत्राच्या संपादकाला साक्ष द्यायला लावता यावी, म्हणून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी माफी देऊ केली होती. त्याने ती घेतली नाही. माफी घेणं म्हणजे दोष मान्य करणं, असंही कोर्टाने तेव्हा म्हटलं.

मराठीत माफी ‘मागतात’. इथे ती न मागता घरपोच आली. आयडाहोमधल्या एका सत्तरीतल्या बाईंनी तरी ती घेतली नाही. गुन्हा कबूल करून दोन महिने तुरुंगात काढून झाले होते. माफी घेतली तर त्या दिवशीच्या पोलिसांचा अपमान होईल, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.