टॉवरशिवाय गाडीचा ठावठिकाणा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, माणसं काढायला बोटी लागल्या. अशा वेळी मदतीची कोणती गाडी कुठे आहे, हे नियंत्रण कक्षाला एका नजरेत दिसायला हवं. मोबाइलवर ते दिसतं, पण टॉवर चालू असेतोवरच. हौशी रेडिओवाल्यांकडे, म्हणजे हॅम मंडळींकडे, यावर पक्का तोडगा आहे: एपीआरएस, म्हणजे रेडिओवरून आपली जागा आपोआप कळवत राहण्याची पद्धत.

अमेरिकी नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा हे त्याचे जनक. १९८४ मध्ये शंभर मैलांच्या शर्यतीतले घोडे कुठवर पोचले, हे त्यांनी साध्या घरगुती संगणकावर टिपलं होतं. त्याच कल्पनेची ही वाढ.

गाडीतला जीपीएस जागा सांगतो. एक छोटी पेटी ते आकडे १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत गुंफते आणि व्हीएचएफ सेट ते हवेत सोडतो. कानाला ऐकू येते ती क्षणभराची किरकिर. तिच्यात असतं कॉलसाइन, म्हणजे परवानाधारकाचं ओळखचिन्ह, मोटारीची खूण म्हणून पुढे ९ चा आकडा आणि अक्षांश-रेखांश, तेही मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंत. म्हणजे नेम साधारण अठरा मीटरचा. गाडी कोणत्या चौकात अडकली ते कळायला एवढं पुरे.

खरी मदार उंचीवर. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून ऐकलेला हा संदेश पुन्हा प्रसारित करणारा डिजिपीटर उंचावर लागतो. तो शंभर मीटरवर असला तर सपाट मुलखात चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरची मोटार त्याच्या टप्प्यात येऊ शकते. रामटेकच्या गडासारखी जागा यासाठी नामी; सौर पॅनल आणि बॅटरीवर काम भागतं. १ एप्रिल २०१९ रोजी पीएसएलव्ही-सी४५ रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरून ॲमसॅट-इंडिया या हौशी रेडिओ संस्थेचा डिजिपीटर तर अवकाशातच गेला!

ट्रान्सपोर्टवाल्यांना मात्र ट्रकवर नजर ठेवायला हे चालत नाही. हौशी रेडिओवर धंदा करायला मनाई आहे आणि गुप्त संकेतही वापरता येत नाहीत. मला हा उघडेपणाच मोलाचा वाटतो: वेगवेगळ्या संस्थांच्या गाड्या एकाच नकाशावर एकमेकींना दिसतात. पण सेट चालवायला दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना लागतो, आणि ही तयारी पूर आल्यावर करता येत नाही. अंबाझरीजवळच व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे. तिथल्या मुलांनी या परीक्षेला बसायला हवं.