विहिरीतला मुटका विसरायला लावणारं तळं

ऑक्टोबर लागला की घरून फोनवर एकच प्रश्न येतो, "अगं, अजून जातेस का त्या तळ्यात?" जाते ना! खरं सांगायचं तर मजा आत्ताच सुरू होते. आजचा भाग त्यावरच. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर.

उत्तर लंडनमध्ये हॅम्पस्टेड हीथ म्हणून झाडांचं आणि गवताळ टेकड्यांचं मोठं रान आहे. त्यात पोहायची तीन तळी आहेत: एक बायकांचं, एक पुरुषांचं आणि एक सगळ्यांचं. मी बायकांच्या तळ्यावर जाते. तिथे जीवरक्षक असतात आणि पाण्याचं तापमान फळ्यावर लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात 20 अंशांच्या वर असलेलं हे पाणी सप्टेंबरपासून उतरू लागतं आणि ऐन थंडीत 5 अंशांच्या आसपास येतं. पोशाख बदलायच्या आधी सगळ्या जणी फळ्याकडे बघतात. आपल्याकडे धरणातला पाणीसाठा बघतात ना, तसं.

आता गंमत बघा. पाणी हवेपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. त्यामुळे ऑक्टोबरच्या एखाद्या सकाळी हवा 4 अंश आणि पाणी 12 असं होतं. तळ्यावर वाफ तरंगत असते, त्या वाफेतून पाणकोंबडी जाते आणि आपलं डोकं तिच्या उंचीवर असतं! दुसरी गंमत पायांना कळते. उन्हाळ्यात खोल तळ्यात वरचं पाणी कोमट आणि खालचं गार असतं, पाय खाली सोडले की बोटं एकदम थंड थरात जातात. शरद ऋतूत वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली बसतं. हळूहळू सगळं तळं ढवळलं जातं. मग खांद्यापासून टाचेपर्यंत एकच गारवा. ऋतू बदलला हे मला कॅलेंडरच्या आधी पायाच्या अंगठ्याला कळतं. आणि हो, उन्हाळ्यातली ती रांग, ती गर्दी, सगळं गायब.

पण मला इथे आल्यावर एक गोष्ट मुद्दाम विसरावी लागली. मी पोहायला शिकले मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. मामाचा नियम एकच, "विचार करू नको, मार उडी." काठावरून मुटका मारायचा, वर यायचं, ओरडायचं. डिसेंबरच्या पहाटेसुद्धा! कारण विहिरीचं पाणी जमिनीखालचं. त्याचं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ असतं, हिवाळा-उन्हाळ्यात फारसं हलत नाही. म्हणून थंडीत ते उलट ऊबदार लागतं.

इथलं तळं मात्र ऋतूबरोबर चालतं, आणि इथे मुटका जिवावर बेतू शकतो. अचानक थंड पाण्यात गेलं की शरीर दचकतं: एक मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो, मग धाप लागते, छाती धडधडते. तो पहिला श्वास डोकं पाण्याखाली असताना आला तर? फुप्फुसात पाणी. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे थांबवता येत नाही, कारण हे पोहण्याच्या कौशल्याचं काम नाहीच. म्हणून शिडीने उतरायचं, मान वर ठेवायची, लांब श्वास सोडायचा. पहिलं अर्धं मिनिट सगळ्यात वाईट, दोन-तीन मिनिटांत दचक ओसरते.

आणि इथेच ऋतूबरोबर जाण्याचा फायदा आहे. थंड पाण्यात पाच-सहा वेळा, अगदी दोन-तीन मिनिटांसाठी उतरलं, तरी ही दचक बरीच कमी होते. सप्टेंबरपासून न चुकता आलेल्या बाईला डिसेंबर झेपतो. जानेवारीत उत्साहाने पहिल्यांदा येणाऱ्याला नाही. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी गंभीरपणे सांगतेय.

दुसरा धोका बाहेर आल्यावर. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात मला आत इतकं छान वाटलं, की जीवरक्षकाने खुणावूनही मी आणखी एक फेरी मारली. बाहेर आले तेव्हा ठणठणीत होते. दहा मिनिटांनी कुडकुडायला लागले, स्वेटरची बटणं लागेनात, जीभ जड झाली. एका अनोळखी आजींनी मला टोपी घातली आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजला. झालं असं, की पाण्यातून निघाल्यावरही बाहेरची गार कातडी आणि स्नायू आतली ऊब ओढत राहतात, त्यामुळे शरीराच्या आतलं तापमान काही वेळ घसरतच राहतं. तेव्हा लगेच अंग पुसायचं, कोरडे कपडे, टोपी, गरम पेय. कडकडीत पाण्याची अंघोळ नको. कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, रक्तदाब पडतो, चक्कर येते.

"जितके अंश तितकी मिनिटं" असा एक हिशोब पोहणारे सांगतात. शास्त्र वगैरे काही नाही त्यात. मी त्याच्या निम्म्यावर बाहेर येते.

"डोपामिन अडीचशे टक्के वाढतं" हेही तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. तो आकडा 2000 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातला. त्यात तरुण पुरुष 14 अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत एक तास बसले होते. एक तास! माझ्या चार मिनिटांना तो आकडा चिकटवू नका. मला बाहेर आल्यावर आनंद होतो एवढं खरं. कातडी लाल, बोटं बधिर, आणि ऑफिसची ती ईमेल, जिने रात्रभर झोपू दिलं नव्हतं, ती आठवायलाच वेळ लागतो.

आज सकाळी फळ्यावर 11 होतं. मी पाच मिनिटांत बाहेर आले. थर्मासमध्ये आल्याचा चहा होता, त्यातला अर्धा शेजारी कुडकुडणाऱ्या एका मुलीला दिला. ती पहिल्यांदाच आली होती, आणि उडी मारायच्या बेतात असताना मीच तिला शिडी दाखवली होती.