मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचा शक्तिगुणक

शक्तिगुणक, म्हणजे वायरमनचा पॉवर फॅक्टर, शिकवताना आपण मोटारीचे उदाहरण घेतो. मोटारीत विद्युतधारा विद्युतदाबाच्या मागे पडते. समांतर कपॅसिटर जोडला की ती सुधारते. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र हा उपाय लागू पडत नाही. असे का?

अ‍ॅम्प्लिफायरच्या पुरवठ्यात रेक्टिफायर आणि त्यामागे मोठा कपॅसिटर असतो. तो आधीच भरलेला असल्याने दाब शिखराजवळ पोचतो तेवढ्या क्षणापुरतीच धारा आत शिरते. म्हणजे धारा मागे पडलेली नसते, तिचा आकारच बिघडलेला असतो. शक्तिगुणक ०.६५ च्या आसपास येतो. समजा, २३० व्होल्टवर १५०० वॉट घ्यायचे आहेत. शक्तिगुणक ०.९९ असेल तर साडेसहा अँपिअर पुरतात, ०.६५ असेल तर दहा लागतात. तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती २.३ पट होते. तीन फेजच्या जोडणीत आणखी एक धोका आहे. तिन्ही फेजमधील १५० हर्ट्झचे घटक एकमेकांना छेदत नाहीत. न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज होते. न्यूट्रलची धारा फेजच्या धारेच्या १.७ पटीपर्यंत जाऊ शकते, आणि त्या तारेवर फ्यूज नसतो!

यावर साधा उपाय लोखंडी गाभ्याच्या चोकचा. तो दणकट असतो. पण किलोवॉटच्या यंत्रात फार जड होतो आणि सुधारणाही अर्धवटच होते. दुसरा उपाय बूस्ट परिवर्तकाचा. यात इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून वेटोळ्यातील धारेला दाबाच्या लहरीचाच आकार देतो आणि कपॅसिटरवर सुमारे ४०० व्होल्ट राखतो. किलोवॉटच्या वर एका मोठ्या परिवर्तकाऐवजी अर्ध्या क्षमतेचे दोन, आळीपाळीने चालणारे घेणे आम्हाला अधिक योग्य वाटते. त्यांच्या धारांतील चढउतार बऱ्याच अंशी एकमेकांना छेदतात.

परिवर्तक किती वॉटचा घ्यावा? संगीत हे हीटरसारखे एकसारखे भार टाकत नाही. चाचणीत सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या एक-अष्टमांश धरतात. दाबून सपाट केलेल्या नाचाच्या संगीतात ती एक-तृतीयांशापर्यंत जाते. परिवर्तकाचे नियंत्रण मुद्दामच मंद ठेवावे लागते. ते १०० हर्ट्झच्या चढउताराला प्रतिसाद देऊ लागले तर धारेचा आकार पुन्हा बिघडेल. त्यामुळे ढोलाचा ठोका पेलायचा तो कपॅसिटरनेच.

हे गणित वर्गात करता येईल. परिवर्तक १५०० वॉट देत आहे आणि ठोक्याला ५० मिलिसेकंद ३००० वॉट हवेत. तूट १५०० × ०.०५ = ७५ ज्यूल. दाब ४०० वरून ३५० व्होल्टपर्यंत उतरू द्यायचा, तर अर्धा गुणिले धारिता गुणिले दाबांच्या वर्गांतील फरक या सूत्राने ४००० मायक्रोफॅरड लागतात. ३२५ व्होल्टच्या खाली मात्र उतरू देता येत नाही. तेवढे मेन्सचे शिखर आहे, आणि त्याखाली स्विचच्या हाती नियंत्रण राहत नाही.