वाळूच्या वाटेने नदीच्या मुखाशी

सगळ्या कुटुंबाने मासे पकडायला जायचे आणि तेही मोटारीने, थेट समुद्राच्या वाळूवरून! आपल्याला नवल वाटेल, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात ही सहल नेहमीची आहे. ॲडलेडपासून सुमारे ८५ किलोमीटरवर गूलवा हे गाव आहे. तेथून किनाऱ्याने दहा-अकरा किलोमीटर गेले की मरे नदीचे मुख लागते. अडीच हजार किलोमीटर वाहत आलेली ही नदी येथे समुद्राला मिळते.

वाळू फसवी असते

चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. रस्त्यावर टायरमध्ये ३५ पीएसआयच्या आसपास हवा असते. वाळूवर उतरण्यापूर्वी ती १८ पर्यंत कमी करतात. त्यामुळे टायर पसरतो, वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि चाक रुतत नाही. मात्र अशा टायरवर वेगात वळण घेणे धोक्याचे असते. हवेचा पंप, फावडे आणि गाडी ओढण्याचा पट्टा जवळ असलाच पाहिजे.

निघायचे ते ओहोटीची वेळ पाहूनच. येथे भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा कमी असला तरी लाटा मोठ्या असतात. पाणी चढले की घट्ट ओली वाळू झाकली जाते आणि वर उरते ती भुसभुशीत वाळू. कोकणातही भरतीत गाड्या अडकल्याच्या बातम्या येतात. कारण बहुधा एकच असते, घड्याळाकडे झालेले दुर्लक्ष.

भरतीच्या रेषेच्या वर गाडी नेऊ नये, याला आणखी एक कारण आहे. टिटवीच्या कुळातला हूडेड प्लोव्हर हा छोटा पक्षी ऑगस्ट ते मार्च या काळात तेथेच उघड्यावर अंडी घालतो. वाळूच्याच रंगाची ती अंडी चाकाखाली आली तरी कळत नाही.

मुलांच्या हाती गळ

मुखाशी मोठ्यांचे लक्ष असते मलोवे या माशाकडे. आपल्या घोळ माशाच्या कुळातला हा मासा दीड मीटरहूनही अधिक वाढू शकतो. मुलांसाठी बोयच्या जातीतला लहान मुलेट बरा, कारण तो हलक्या गळालाही लागतो. ठरलेल्या मापाहून लहान मासा परत पाण्यात सोडावा लागतो. मुलांना ही चांगली शिकवण मिळते.

वाळूत पाय घुसळले की पिपी नावाचे शिंपले सापडतात. नारिंजेरी हे येथले मूळ रहिवासी ते हजारो वर्षे खात आले आहेत. पण मार्च २०२५ पासून या किनाऱ्याला विषारी शेवाळाचा मोठा उपद्रव झाला. म्हणून शिंपले गोळा करण्याआधी मासेमारी खात्याची ताजी सूचना पाहावी. मुखाशी प्रवाह जोरकस असतो, तेव्हा मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

मुख उघडे राहिले तरच

ही सहल नदीच्या पाण्यावर अवलंबून आहे. वरच्या भागातली शेती आणि शहरे पाणी उचलतात. शिवाय समुद्राचे खारे पाणी आत शिरू नये म्हणून मुखाजवळ पाच बंधारे बांधले गेले. ते १९४० मध्ये पूर्ण झाले. नदीचा जोर ओसरला की समुद्र वाळू आणून टाकतो. १९८१ मध्ये मुख चक्क बुजले. पुढे दुष्काळात, २००२ ते २०१० या काळात, यंत्रांनी वाळू उपसून ते उघडे ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. अखेर २०२२-२३ च्या महापुराने वाळू धुऊन नेली.

मुख बुजले तर मलोवेसारख्या माशांची समुद्रातून खाडीत जाण्या-येण्याची वाट बंद होते. तेव्हा ॲडलेडला मुलांकडे गेलेल्या आजी-आजोबांनी ही सहल जरूर करावी. नातवंडांना गळ कसा टाकायचा ते दाखवावे, आणि नदीचे पाणी समुद्राला मिळणे म्हणजे ते वाया जाणे नव्हे, हेही सांगावे.