लेकीच्या बाळंतपणाला डेन्व्हरला जाताना

गेल्या दिवाळीनंतर आपल्या गटातल्या एक ताई लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या, डेन्व्हर शहरात. परत आल्यावर बैठकीत त्या म्हणाल्या, "पहिले पंधरा दिवस वाटलं, आपल्याला काहीच येत नाही." तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या, तीन लेकरं वाढवलेल्या बाईला असं का वाटलं? ते आम्ही समजून घेतलं, आणि आज तुम्हाला सांगतो आहोत. कारण आता गावोगावच्या आया अशा जायला लागल्या आहेत.

आपली कळसूबाई १६४६ मीटर उंच. डेन्व्हर रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आहे, पण त्या शहराचीच उंची सुमारे १६०९ मीटर. म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर अख्खं शहर वसलेलं. आपण माथ्यावर तासभर थांबतो, दर्शन घेतो आणि उतरतो. तिथे मात्र महिनोन्‌महिने राहायचं असतं.

उंचावर हवा विरळ. जिना चढला की दम लागतो, डोकं दुखतं, झोप नीट लागत नाही. ताईंनी हे लेकीपासून लपवलं. ती अवघडलेली, तिला कशाला घोर लावायचा! पण बहुतेकांना हा त्रास काही दिवसांत कमी होतो. तोवर जड काम नको, पाणी भरपूर प्यावं. बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर मात्र लपवू नका. लगेच सांगा. तिथे तातडीच्या मदतीचा फोन नंबर ९११ आहे.

हवा कोरडीही फार. ओठ फुटतात, नाकातून रक्तही येतं. ताई घाबरल्याच होत्या. रात्री खोलीत हवा ओलसर ठेवणारं यंत्र लावल्यावर त्रास कमी झाला. कणीक भिजवताना पाणी थोडं जास्त लागतं आणि मळल्यावर ओलं फडकं झाकावं लागतं.

आता डाळीचं. आपल्याकडे पाणी साधारण १०० अंशांना उकळतं, डेन्व्हरला ९५च्या आसपासच. पाणी खळखळताना दिसतं, पण तेवढं तापलेलं नसतं. म्हणून पातेल्यातली डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते, पाणी जास्त तापतं, म्हणून तिथे कुकर हवाच. डाळ आधी भिजत घालावी आणि एखाद-दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात. ताईंना वाटत होतं हात बिघडला. हात तोच होता, उंची वेगळी होती.

मायलेकींचं खरं वाजलं ते उन्हावरून. डेन्व्हरला थंडीतही लख्ख ऊन असतं. ताईंनी बाळाला तेल लावून उन्हात घ्यायचं ठरवलं. लेक म्हणाली, "आई, बाळाला उन्हात नको." ताईंना लागलं. "तुला मी उन्हातच वाढवलं ना?" दोन दिवस घरात बोलणं नाही.

लेकीचं बरोबर होतं. उन्हात कातडी भाजणारे, डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. उंचावर ते अडवणारी हवा कमी. दर १००० मीटर उंचीला ते साधारण १० टक्क्यांनी वाढतात. बर्फावरून उलटूनही येतात. हवा गार असल्याने भाजतंय हे कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात नेऊ नका, असं तिथले डॉक्टर सांगतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. हे कळल्यावर ताईंनी मालिश घरातच, उबदार खोलीत सुरू केली. बाहेर जाताना स्वतःही टोपी आणि काळा चष्मा घालू लागल्या.

बर्फाचंही ऐका. दुपारच्या उन्हात तो वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. सकाळी पायवाट काचेसारखी गुळगुळीत. चपला घालून बाहेर पडू नका, पकड असलेले बूट घाला.

निघण्याआधी एवढं करा. रक्तदाब, दमा, हृदयविकार किंवा अंगात रक्त कमी असेल तर डॉक्टरांना उंचीबद्दल विचारा. औषधं पुरेशी घ्या, सोबत इंग्रजीतली चिठ्ठी ठेवा. प्रवासाचा आरोग्य विमा काढा, कारण तिथले उपचार फार महाग असतात.

आणि माणसं तोडू नका. थंडीत डेन्व्हरचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं. आपली रात्री आठची बैठक म्हणजे तिथले सकाळचे साडेसात. ताई बाळाला मांडीवर घेऊन फोनवरून बैठकीला हजर राहायच्या. पुढे त्या म्हणाल्या, "त्या अर्ध्या तासावर माझा दिवस निघायचा." तुमच्या गटातलं कुणी परदेशी असेल, तर पुढच्या बैठकीला तिला फोन नक्की लावा.